पिवळ्या चौकटींचा हंगाम

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की लोकांना थंडी वाजते. मला चार वर्षांपासून लाज वाटते.

आज सकाळीही तसंच झालं. इंदिरानगरात आमच्या गल्लीत कानटोप्या बाहेर पडल्यात, दूधवाला हात चोळत जिना चढतो, आणि मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी उभी. डोळ्यांसमोर मात्र आपल्याकडचं कुणी नाही. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या बायका आहेत. त्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत, फक्त घरांचे नंबर. या बायकांची मतं मी बदलून टाकली होती. डुलकी लागून किंवा घाईत नाही, चांगला चष्मा पुसून, शांतपणे, रोज सकाळी दहा ते दुपारी चार.

ऐकून हसू येतं ना? मलाही आधी हसूच आलं होतं.

झालं असं, की माझ्या शिकवण्या बंद पडल्या होत्या. पोरं क्लासला जायला लागली, घरगुती इंग्रजी कुणाला नको झालं. हे एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरीला, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. मयूरी, आमची एकुलती एक, चोवीस वर्षांची, कंपनीचं काम घरूनच करायची. मी दिवसभर घर आवरून आवरून थकले, आता आवरायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या सुजातानं औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर टायपिंगचं ऑफिस काढलं. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलणं हेडमास्तरसारखं. म्हणाली, "वैशालीताई, मला कॉलनीतल्या बायकाच हव्यात. त्यांना चूक सहन होत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी घरी येऊन दोनदा सांगितलं.

काम सोपं होतं. परदेशातल्या कुणीतरी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या घराघरांत जाऊन माणसांना प्रश्न विचारले होते. आयुष्यात काय महत्त्वाचं वाटतं, परक्या माणसावर विश्वास टाकावा का, मुलांनी ऐकावं की विचारावं, असले प्रश्न. तेच प्रश्न बऱ्याच वर्षांनी पुन्हा विचारले होते, कित्येक घरांत त्याच माणसांना. दोन्ही देशांतल्या लोकांचे विचार काळाबरोबर कसकसे सरकले, ते त्यांना ताडून पाहायचं होतं. हातानं भरलेल्या कागदांचे फोटो आमच्या पडद्यावर डावीकडे यायचे, आपण बघून उजवीकडच्या चौकटी भरायच्या. नवऱ्याचा कागद वेगळा, बायकोचा वेगळा. शेवटी दोन ओळी मोकळ्या, काही लिहायचं असेल तर.

पहिला धक्का पहिल्याच आठवड्यात बसला. आमच्याकडे 'अमेरिका-कॅनडा' हे एका दमात म्हणायचं, ओझर-पिंपळगाव म्हणावं तसं. अमक्याचा मुलगा कुठे? अमेरिका-कॅनडात. यांचं तर म्हणणं, "कॅनडा म्हणजे अमेरिकाच गं, जरा गार." मीही तेच धरून चालले होते. आणि अमेरिका म्हणजे काय? सगळे सुटे, कुणी कुणाचं ऐकत नाही, सोळाव्या वर्षी पोरं घराबाहेर. कागदांवर मात्र भलतंच निघालं. एक प्रश्न होता, 'घरात शेवटचा शब्द बापाचाच असावा, मान्य की अमान्य?' मी पाहिलेल्या गठ्ठ्यापुरतंच बोलते, मोजणं आमचं काम नव्हतं. पण अमेरिकेच्या नव्या कागदांत 'पूर्ण मान्य'वर खुणा करून करून माझं बोट दुखायचं. तरुण माणसं, शिकलेली माणसं! आणि कॅनडाच्या नव्या कागदांत ती खूण शोधावी लागायची. जुन्या कागदांत दोघं शेजारी शेजारी बसावेत इतके सारखे, आणि मधल्या वर्षांत एक या बाजूला सरकला, एक त्या बाजूला. सीमेला सीमा लागून आहे हो! एकच टीव्ही बघत असतील. मी सुजाताला म्हटलं, "गठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. हा अमेरिकेचा नसणार." तिनं नंबर तपासले. अदलाबदल झालेली नव्हती.

मला वाटतं, माझं मन तिथेच बिथरलं. जे दिसतंय ते चुकीचं असणार, असं मी ठरवूनच बसले.

त्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. एकाच घरातल्या नवरा-बायकोची उत्तरं वेगळी आली, किंवा एकाच माणसाचं जुनं आणि नवं उत्तर जुळलं नाही, तर चौकट पिवळी व्हायची. म्हणजे एवढंच, की बाई गं, एकदा कागद पुन्हा बघ, तू बरोबर टाइप केलंस ना? सुजातानं पहिल्या दिवशी सांगितलंही असेल. मी ऐकलं ते असं, की पिवळं म्हणजे चूक. आणि पिवळं दिसलं की माझा जीव वरखाली व्हायचा. ताटाबाहेर भाताचं शीत सांडलेलं दिसावं आणि ते उचलल्याशिवाय घास उतरू नये, तसं. नवऱ्यानं 'मान्य' म्हटलंय आणि बायकोनं 'अमान्य'? बिचारीची ओळ चुकली असणार. वीस वर्षांपूर्वी 'मान्य' म्हणणारा आता 'अमान्य' म्हणतो? म्हातारपणी नजर गेली असेल. मी बायकोची खूण नवऱ्याच्या खुणेशी आणून बसवायचे आणि आजची खूण कालच्या खुणेशी. चौकट पांढरी व्हायची. इतकं समाधान मला देवघर पुसूनही मिळत नसे.

त्यात काही वावगं आहे, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी सव्वीस वर्षं घरातले सगळ्यांचे फॉर्म भरत आले होते. रेशनचे, बँकेचे, शाळेचे, सासूबाईंच्या पेन्शनचे. कधी कुणाला विचारलं नाही. एका घराची उत्तरं ती, त्यात विचारायचं काय?

तो हंगाम द्राक्षांचा होता, आणि चांगला होता. धाकट्या दिरांची बाग निफाडकडे. थंडी वाढली की पाणी उतरलेले, म्हणजे पिकायला लागलेले, हिरवे मणी गुलाबी पडतात, मग व्यापारी नाक मुरडतो, म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. रविवारी आम्हीही हाताशी जायचो. मांडवाखाली वाकून उभं राहायचं, घडाला कागद लपेटायचा, पिन मारायची. पानांवरचं दव मानेत गळायचं, गंधकाचा वास नाकात बसायचा, बोटं शाईनं काळी. माझी धाकटी जाऊ शोभा एका मिनिटात चार घड बांधायची आणि तोंडही तेवढंच चालायचं. मी तिला गंमत म्हणून तो प्रश्न विचारला.

"शोभा, घरात शेवटचा शब्द बापाचाच असावा. मान्य का अमान्य?"

"मंग काय पोरांचा असावा?" ती म्हणाली. "पन ताई, बागंला कोनतं औषिद मारायचं ते मला इचारल्याबिगर यांचं पान हालत नाय."

"म्हणजे मान्य की अमान्य?"

"दोन्ही लिव्ह ना. जागा नाय का तेवढी?"

मी खूप हसले. घरी येताना गाडीत यांना सांगितलं, तेही हसले. मयूरी मागच्या सीटवर होती. ती हसली नाही, हे आज आठवतं.

तिच्यासाठी तेव्हा स्थळ आलं होतं. मुलगा मूळ गंगापूर रोडचा, नोकरीला कॅनडात, तीन आठवड्यांसाठी घरी आलेला. यांना स्थळ मनापासून पसंत. मला नको होतं. मुलगा वाईट नव्हता हो, चांगला उंच, बोलायला मोकळा. पण एकुलती एक पोर इतक्या लांब पाठवायची हे मला सोसणारं नव्हतं. हे मी कुणाला बोलले? कुणालाच नाही. हे 'हो' म्हणाले होते ना, मग झालं.

आमच्याकडे हंगामात कुणाला मानानं बोलवायचं तर 'बागेत द्राक्षं खायला या' म्हणतात. तशी मुलाकडची मंडळी एका रविवारी बागेत आली. शोभानं सतरंज्या घातल्या, धुतलेल्या घडांची पाटी मधे ठेवली. मयूरी आणि तो मुलगा बागेच्या ओळींमधून बोलत बोलत लांब गेले. दोघं दिसेनासे झाले तेव्हा त्याची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मयूरीच्या आई, तुमचं काय मत आहे?"

"यांचं तेच माझं," मी म्हणाले.

"आणि मयूरीचं?"

"ती आमच्या शब्दाबाहेर नाही."

ती बाई थोडी गोंधळल्यासारखी झाली, पण हसली. आठ दिवसांत कळवतो, असं ठरलं. मयूरी परत आली ती गप्पच. पाटीतले दोन मणी तोंडात टाकले आणि लांब विहिरीपाशी जाऊन बसली. घरी आल्यावरही नीट जेवली नाही. मी मनाशी म्हटलं, पोरीला नकोय. आईला कळतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिसात गेले तर सुजाता माझ्या खुर्चीवर बसलेली. चेहरा पाहूनच मी पर्स घट्ट धरली.

"वैशालीताई, तिकडून विचारणा आलीय. बाकीच्यांचं ठीक आहे. तुमच्याच गठ्ठ्यात एकही बाई नवऱ्याच्या विरुद्ध नाही. अमेरिकेतली नाही, कॅनडातली पण नाही. आणि इतक्या वर्षांत एकाही माणसाचं मत बदललेलं नाही. जगात असं गाव असेल तर मला पत्ता द्या, मी तिथंच राहायला जाते."

मी अभिमानानं म्हणाले, "मी सगळी पिवळी दुरुस्त केली."

सुजाता रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एक कागद उघडला आणि म्हणाली, "वाचा. खालच्या दोन ओळी पण वाचा." कॅनडातल्या एका म्हाताऱ्याचा होता. जुन्या कागदावर बापाच्या शब्दाला त्यानं 'पूर्ण मान्य' ठोकलेलं. नव्यावर 'पूर्ण अमान्य', आणि खाली कापऱ्या अक्षरात लिहिलेलं, की मधल्या काळात माझ्या तीन मुली मोठ्या झाल्या. मी तो 'पूर्ण मान्य' करून टाकला होता! तीन मुली पुसून टाकल्या होत्या मी त्याच्या!

मग दुसरा. अमेरिकेतला माणूस, पूर्वी 'अमान्य', आता 'मान्य'. खाली लिहिलेलं, बाहेर सगळं इतकं हललंय की घरात तरी एक खांब असावा असं वाटतं. त्याचं मला पटलं की नाही हा प्रश्नच नव्हता, त्यानं ते लिहिलं होतं. आणि त्याच्याच बायकोनं 'अमान्य'वर खूण करून लिहिलं होतं, माझा नवरा पलीकडच्या खोलीत त्याचा कागद भरतोय, त्याचं उत्तर मला माहीत आहे, हे माझं आहे. कॅनडातल्या एकीनं तर लिहिलं होतं, शेवटचा शब्द कशाला हवा, आमचं बोलणं संपतच नाही. मी या ओळी आधीही वाचल्या असणार. डोळ्यांखालून गेल्याच असणार. वाचून मी त्या बाईची खूण नवऱ्याच्या चौकटीत नेऊन ठेवली, म्हणजे मी नेमकं वाचलं तरी काय होतं?

"पण सुजाता," मी कसंबसं म्हणाले, "एका घरात दोन मतं असतील, तर ते घर चालेल कसं?"

"आमचं चाललं की," ती म्हणाली. "लहानपणी आमच्या वस्तीत सभा झाली की रात्री घरी दुसरी सभा. आई एका बाजूला, वडील एका बाजूला. दोन दोन दिवस अबोला. पण भाकरी एकाच तव्यावरची खायचे."

ती मला काढून टाकू शकली असती. तिनं नोकरी ठेवली आणि सगळा गठ्ठा पुन्हा समोर टाकला. ते सहा दिवस मी जन्मात विसरणार नाही. एकेक घर उघडायचं, एकेका बाईची खूण तिच्या जागी परत न्यायची. चौकटी पिवळ्या व्हायला लागल्या. एक, दहा, पन्नास. अख्खा पडदा पिवळा. एकाही घरात सारवासारव नाही. या सगळ्यांनी आपापल्या नवऱ्यांशेजारी बसून वेगळं लिहिलं होतं? आणि घरं मोडली नव्हती, कारण वीस वर्षांनी त्याच घराच्या नंबरावर तीच दोघं पुन्हा सापडत होती, पुन्हा वेगळं लिहीत होती. शुक्रवारी मी बसल्या बसल्या स्वतःला तो प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता येईना. मान्य? अमान्य? सव्वीस वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी यांच्याकडे बघितलं असतं. मला स्वतःचीच भीती वाटली.

रविवार आठवा दिवस होता. सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत आलेलं, मी मटार सोलत बसले होते, हे पेपर वाचत होते, मयूरी चहात बिस्कीट बुडवून तसंच धरून बसलेली. हे म्हणाले, "चला, आज त्यांना होकार कळवू."

"माझं मत वेगळं आहे," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण मला तो शेजारच्या गॅलरीतून आल्यासारखा वाटला. यांनी पेपर खाली केला. रागावले नाहीत. नुसते थक्क झाले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"अगं, मग बोलली का नाहीस? मी तुला काय खाल्लं असतं?"

आता मला थांबता येईना. सहा दिवसांचं सगळं पिवळं माझ्या तोंडून बाहेर पडायला लागलं. मी म्हटलं, मला माझी पोर इतक्या लांब पाठवायची नाही. मी म्हटलं, तुम्ही ठरवलंत आणि मी मान हलवली, हे आता पुरे. मला इतकं मोकळं वाटत होतं, इतकं शूर वाटत होतं, की मी शेवटी हात उंचावून म्हणाले, "आणि मयूरीलाही हे स्थळ नको आहे. तिचंही ऐका जरा!"

मयूरीच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"मला नको आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मला दिसत नाही का? आठ दिवस जेवली नाहीस."

"आई, मला तो आवडलाय," ती म्हणाली. "मला जायचंय. तुला नकोय हे कळत होतं, तुझ्याकडे बघून घास उतरत नव्हता माझा."

मटाराच्या शेंगा माझ्या मांडीवरून खाली सांडल्या. मी त्या गोळा केल्या नाहीत. अमेरिकेचा गठ्ठा, कॅनडाचा गठ्ठा, तीन मुलींचा म्हातारा, कशानंही मी इतकी हबकले नव्हते. शेवटचा शब्द कुणाचा, शेवटचा शब्द कुणाचा, म्हणून मी सहा दिवस दोन देशांतल्या बापांवर चिडत होते. आमच्या घरात शेवटचा शब्द यांचा असेलही. मयूरीचा पहिला शब्दसुद्धा मीच बोलत आले होते. शाळेत कुठला विषय घ्यायचा, कुठल्या मैत्रिणीकडे जायचं, कुठला रंग तिला शोभतो, आणि बागेत पाहुण्यांसमोर, ती चार ओळी पलीकडे असताना, 'आमच्या शब्दाबाहेर नाही'. आणि आत्ता, ज्या क्षणी मी स्वतःचं मत उचलून धरलं, त्याच क्षणी तिचं पुन्हा माझ्या मताशी नेऊन बसवलं. तिला एक शब्द न विचारता. प्रेमानं!

हे माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत होते. एका सकाळी घरात तीन मतं निघाली होती, त्यांना त्याची सवय नव्हती.

"मग बोल," मी मयूरीला म्हणाले. "तुझं तू बोल."

मी खरंच विचारतेय, यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मग बोलायला लागली ती पाऊण तास. तो मुलगा तिला का आवडला. तिथं काय शिकायचंय. इथं राहिली तर तिची काय गत होईल असं तिला वाटतं. आणि एक वाक्य, खाली मान घालून, "मला तुझ्यासारखं गप्प बसून आयुष्य काढायचं नाही." मी गप्प असते? मी? दिवसभर बोलत असते ना मी! तोंडाशी आलं होतं. हे काही तरी समजावायला लागले तर मी त्यांना हातानं थांबवलं. ऊन गॅलरीतून सरकून भिंतीवर गेलं, कुकर लावायची वेळ टळली.

ती लग्न करून गेली कॅनडात. तिला जाऊन तीन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी फोन येतो आणि आमचं कशावरून तरी वाजतं. घर, नोकरी, मूल कधी, आईबापांनी किती बोलावं, कशावरूनही. त्या रविवारी ती जे बोलली होती, त्यातलं निम्मं मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. ते मी तसंच राहू दिलंय.